अ‍ॅव्होकॅडोनं कोलेस्टेरॉल उतरतं का? कशाच्या जागी खाताय ते आधी सांगा

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत एक फॉरवर्ड आलाय, रोज एक अ‍ॅव्होकॅडो खा आणि हार्टचे ब्लॉकेज विसरा. त्याच्याखाली परभणीच्या भाऊजींचा लगेच प्रश्न, "संभाजीनगरला मिळतंय म्हणे, एका नगाला दीडशे रुपये घेतात, मागवू का?" भाऊजींचं एलडीएल, म्हणजे ज्याला "वाईट कोलेस्टेरॉल" म्हणतात ते, वाढलेलं आहे, कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायची का यावर डॉक्टरांशी बोलणं चाललंय, त्यामुळं प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आणि ग्रुपवर दोन ओळीत उत्तर देण्यासारखा पण नव्हता.

पहिली गोष्ट, "यात कोलेस्टेरॉल शून्य" असं त्या फॉरवर्डमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. बरोबर आहे. पण भुईमुगात पण शून्यच, करडईत पण शून्यच, डालड्याच्या डब्यात सुद्धा शून्यच. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या शरीरात तयार होतं, झाडांमध्ये ते मोजण्यासारखं नसतंच, त्यामुळं तेलाच्या पाकिटावर "कोलेस्टेरॉल फ्री" छापणं म्हणजे पाण्याच्या बाटलीवर "साखर नाही" छापण्याइतकंच. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपण खात नाही, आपलं शरीरच बनवतं. खाण्यानं जो फरक पडतो तो मुख्यतः खाण्यातल्या फॅटच्या प्रकारानं पडतो. अ‍ॅव्होकॅडोच्या १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम फॅट असते, फळाच्या मानानं हे लई झालं, पण त्यातली १० ग्रॅमच्या आसपास मोनोअनसॅच्युरेटेड, म्हणजे मुख्यतः ओलिक अ‍ॅसिड, सॅच्युरेटेड (तुपात, पामतेलात जास्त असते ती) फक्त २ ग्रॅम, आणि वर ६-७ ग्रॅम फायबर. (झाड दालचिनी-तमालपत्राच्या कुळातलं, मूळ मेक्सिकोकडचं.)

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचंय ते. ओलिक अ‍ॅसिड खाल्लं तर रक्तातलं एलडीएल का उतरावं? तेलानं तूप "कापलं जातं" असं काही नसतं.

एलडीएल हा रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण. हा कण रक्तातून उचलून आत घेण्याचं काम मुख्यतः लिव्हर करतं, लिव्हरच्या पेशींवर त्यासाठी एलडीएल रिसेप्टर नावाची प्रोटीन असतात. मोंढ्यात सोयाबीनची आवक सुरू झाली की ट्रॅक्टरची रांग लागते बघा, ती रांग किती लांब होणार हे आवक किती यावर जेवढं ठरतं तेवढंच माल उतरवायला हमाल किती यावर ठरतं. लॅबच्या रिपोर्टमधला एलडीएलचा आकडा म्हणजे ती रांग आहे, आणि हे रिसेप्टर म्हणजे हमाल. एक रिसेप्टर एक कण पकडतो, पेशीच्या आत नेऊन सोडतो आणि परत वर येतो, या फेरीला साधारण दहा मिनिटं लागतात, आणि त्याचं आयुष्य २० तासांच्या आसपास, म्हणजे शंभरावर फेऱ्या मारून तो रिटायर होतो! हे शोधलं डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी, १९७३ च्या सुमारास, आणि १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांनी सुरुवात केली ती एका आनुवंशिक आजारापासून, ज्यात आई-बाप दोघांकडून बिघडलेला जीन आला तर पोराला शाळेच्या वयातच हार्ट अटॅक येऊ शकतो. त्या पोरांच्या खाण्यात काही वावगं नव्हतं, त्यांच्या पेशींवर चालणारे रिसेप्टरच नव्हते.

मग रिसेप्टर किती बनवायचे हे पेशी कशावरून ठरवते? इथं मजा आहे. पेशीत आंतर्द्रव्यजालिका असते, शाळेत आकृतीत आपण नागमोडी रेघा काढायचो ती. तिच्या पडद्यात एसआरईबीपी-२ नावाचं प्रोटीन स्कॅप नावाच्या दुसऱ्या प्रोटीनसोबत अडकून बसलेलं असतं. स्कॅपचं काम पडद्यात कोलेस्टेरॉल किती आहे ते ओळखणं. पडद्यातल्या लिपिडमध्ये, म्हणजे स्निग्ध पदार्थांमध्ये, कोलेस्टेरॉलचं प्रमाण साधारण ५ टक्क्यांच्या वर असलं की दोघं जागचे हलत नाहीत. त्याच्या खाली आलं की स्कॅप एसआरईबीपी-२ ला घेऊन गॉल्गी संकुल या पेशीच्याच दुसऱ्या भागाकडं निघतं, तिथं दोन एन्झाइम त्याला दोन ठिकाणी कापतात, आणि सुटलेला तुकडा सरळ केंद्रकात जाऊन एलडीएल रिसेप्टरचा जीन चालू करतो. म्हणजे पेशीला आत कोलेस्टेरॉल कमी पडतंय असं वाटलं की ती बाहेर रिसेप्टर वाढवते आणि रक्तातून ओढून घेते. लक्षात घ्या, पेशी रक्तातलं कोलेस्टेरॉल मोजतच नाही, ती स्वतःच्या एका पातळ पडद्यातलं मोजते.

आता ओलिक अ‍ॅसिड. मोकळं कोलेस्टेरॉल जास्त झालं की पेशी त्याला एक फॅटी अ‍ॅसिड जोडून, एस्टर करून, थेंबांच्या रूपात बाजूला ठेवून देते, आणि ही जोडणी करणाऱ्या एसीएटी या एन्झाइमला ओलिक अ‍ॅसिड सगळ्यात सोयीचं पडतं. ओलिक भरपूर असलं तर कोलेस्टेरॉल पटापट थेंबात जातं, पडद्यातलं प्रमाण घसरतं, एसआरईबीपी सुटतं, रिसेप्टर वाढतात, रक्तातली रांग कमी होते. उलट पामतेलातलं पामिटिक अ‍ॅसिड किंवा तुपातली सॅच्युरेटेड फॅट जास्त आली तर ही जोडणी मंदावते, कोलेस्टेरॉल मोकळंच राहतं, पडदा म्हणतो भरपूर आहे, रिसेप्टर कमी करा. हे तपशील मुख्यतः हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यावरच्या प्रयोगातून आलेत, जिवंत माणसाच्या लिव्हरमध्ये असं डोकावता येत नाही, पण माणसांच्या रिपोर्टमधले आकडे याच दिशेनं जातात.

इथपर्यंत वाचताना डोकं जड झालं असेल तर एवढंच धरा, एलडीएल उतरवणारे ओळखीचे बरेच उपाय याच एका बटणावर येऊन थांबतात, लिव्हरच्या पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडलं की रिसेप्टर वाढतात. फायबरचंच बघा. लिव्हर कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ल बनवतं, ती आतड्यात जातात आणि तिथून जवळपास ९५ टक्के परत शोषली जातात. विरघळणारं फायबर त्यातली काही धरून बाहेर नेतं, मग लिव्हरला नवीन पित्ताम्लासाठी आतलं कोलेस्टेरॉल खर्च करावं लागतं, आत कमी पडलं की पुढचं तुम्हाला माहितीच आहे. अ‍ॅव्होकॅडोत बीटा-सिटोस्टेरॉल पण असतं, ते दिसायला कोलेस्टेरॉलसारखंच, त्यामुळं आतड्यात त्याच्याशी जागेसाठी भांडतं आणि खरं कोलेस्टेरॉल कमी शोषलं जातं, पण या वाटेनं नीट फरक पडायला दिवसाला २ ग्रॅमच्या आसपास असली स्टेरॉल लागतात आणि एका फळात शंभर-सव्वाशे मिलिग्रॅमच असतात, म्हणजे याची जाहिरात जास्त आणि काम थोडं. आणि स्टॅटिनची गोळी? ती लिव्हरचं स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणंच अडवते, आत टंचाई होते आणि रिसेप्टर वाढतात. जपानच्या अकिरा एंदो यांना पहिलं स्टॅटिन १९७० च्या दशकात एका बुरशीत सापडलं. फॉरवर्डवाले जिला "केमिकल" म्हणून घाबरवतात त्या गोळीची सुरुवात बुरशीच्या पोटातून झालेली, आणि अ‍ॅव्होकॅडो ज्या बटणाला हळूच बोट लावतं तेच ती जोरात दाबते.

किती हळूच, ते आकड्यांत बघू. अमेरिकेत पेन स्टेट युनिव्हर्सिटीत ४५ जादा वजनाच्या लोकांना तीन प्रकारचा आहार प्रत्येकी पाच आठवडे दिला, निकाल २०१५ मध्ये आला. कमी फॅटच्या आहारानं एलडीएल (१०० मिली रक्तामागे) ७.४ मिलिग्रॅम उतरलं, ओलिकवाल्या तेलांचा मध्यम फॅटचा आहार दिला तर ८.३, आणि तेवढीच फॅट पण रोज एका अ‍ॅव्होकॅडोसकट दिली तर १३.५ मिलिग्रॅम. फॉरवर्डमध्ये हाच आकडा फिरतो. पण त्या लोकांचं सगळं जेवण संशोधकांनी मोजून दिलेलं होतं, म्हणजे अ‍ॅव्होकॅडो आत आलं तेव्हा दुसरी सॅच्युरेटेड फॅट बाहेर गेली होती. मग २०२२ मध्ये हजारावर लोकांची चाचणी छापून आली, त्यात निम्म्यांना फक्त सांगितलं की तुमचं नेहमीचं खा आणि वर रोज एक अ‍ॅव्होकॅडो खा, सहा महिने. एलडीएलमधला फरक? अडीच मिलिग्रॅम. पोटातली चरबी कमी होते का हा त्या चाचणीचा मुख्य प्रश्न होता, ती हलली नाही, वजन मात्र वाढलं पण नाही. दोन्ही अभ्यासांना पैसा अ‍ॅव्होकॅडो विकणाऱ्यांच्या हॅस अ‍ॅव्होकॅडो बोर्डाकडून आलेला होता, यानं निकाल खोटे ठरत नाहीत, पण मनात ठेवावं. त्याच वर्षी हार्वर्डचा एक अभ्यास आला, लाखाच्या वर लोक, ३० वर्षं, आठवड्याला निदान एक अख्खं फळ खाणाऱ्यांत हार्टच्या कोरोनरी आजाराचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी. पण हे नुसतं निरीक्षण, अ‍ॅव्होकॅडो खाणारा माणूस बहुतेक व्यायाम पण करतो, भाज्या पण खातो, गणितानं हे वेगळं काढायचा प्रयत्न करतात, पूर्ण निघत नाही.

स्टॅटिनच्या मोठमोठ्या चाचण्या एकत्र करून दिसलं ते असं, की एलडीएल साधारण ४० मिलिग्रॅम उतरलं तर अटॅक-स्ट्रोकसारखे प्रकार पाचातला एक या हिशोबानं कमी होतात. त्यासमोर अडीच मिलिग्रॅम ठेवून बघा, आणि मग "ब्लॉकेज विसरा" वाचा. ब्लॉकेज म्हणजे नळीच्या आत साचलेलं तूप नसतंच, ते रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत असतं, एलडीएल भिंतीत घुसतं, पांढऱ्या पेशी ते खाऊन फुगतात, वर्षानुवर्षं तो थर वाढतो. लिंबू-लसूण-आलं-व्हिनेगरचा काढा पिऊन ते धुऊन निघत नाही. आणि अमुक फळ अमुक अवयवासारखं दिसतं म्हणून त्याला चांगलं, हे तर विचारूच नका, त्या न्यायानं मुतखड्याला शेंगदाणे खायचे का?

शेंगदाण्यावरून आठवलं. भाऊजींना मी सांगितलं की ओलिक अ‍ॅसिडसाठी दीडशे रुपये कशाला, घरात शेंगदाण्याची चटणी असतेच की. भुईमुगाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओलिकच असतं. फायबरसाठी जवसाची चटणी, दाळी आहेत, इसबगोल तर मेडिकलवर मिळतं आणि एलडीएल उतरवण्याचा त्याचा पुरावा अ‍ॅव्होकॅडोपेक्षा जुना आणि पक्का आहे. फक्त चटणी वाढवून भागत नाही, काहीतरी ताटातून उठलं पाहिजे, आणि आपल्याकडं उठवायचं ते म्हणजे चहाबरोबरची खारी-टोस्ट, हॉटेलचे पामतेलातले भजे, फरसाण. पामतेलात निम्मी फॅट सॅच्युरेटेड असते.

करडईचं काय, असं परभणीचा माणूस विचारणारच, कृषी विद्यापीठानं तिथंच परभणी कुसुम हा वाण काढलाय. सोयाबीन आल्यापासून वावरात करडई कमी दिसते, पण घाण्याचं तेल अजून लोक आवर्जून आणतात. नेहमीच्या करडईच्या तेलात ओलिक कमी, लिनोलिक अ‍ॅसिड (दुसरं एक अनसॅच्युरेटेड फॅटी अ‍ॅसिड) ७० टक्क्यांच्या वर, एलडीएल त्यानं पण उतरतं. मात्र १९६६ ते १९७३ दरम्यान सिडनीत अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांना सॅच्युरेटेड फॅटच्या जागी करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारिन (तेलापासून बनवलेलं बटरसारखं) भरपूर दिलं, त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं पण मृत्यू जास्त झाले, हे २०१३ मध्ये जुना डेटा परत तपासल्यावर बाहेर आलं. मार्गारिनमधल्या ट्रान्स फॅटचा त्यात हात असावा असं बऱ्याच जणांना वाटतं, वाद मिटलेला नाही. म्हणून मी एकाच तेलाच्या मागं लागत नाही, करडई आणि भुईमूग आलटून पालटून, आणि एकूण तेल हात राखून.

अ‍ॅव्होकॅडो आवडत असेल तर खा की, तुपा-बटरच्या जागी टोस्टला लावा, मीठ-लिंबू घालून छान लागतं. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारा, एका फळात ७०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम जातं. गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका. आणि खाण्यात बदल केला तर सहा-आठ आठवडे तरी थांबून लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) परत करा, शक्यतो त्याच लॅबला, कारण काहीच न करता सुद्धा एलडीएल पाच-दहा टक्के इकडंतिकडं होतं, १४८ चं १४० झालं म्हणून लगेच त्या फळाला हार घालू नका.