फुप्फुसाच्या कर्करोगातील पूर्वानुमानदर्शक मायक्रो-आरएनए

फुप्फुसाच्या कर्करोगाची पुढील वाटचाल कशी राहील, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्याचा धोका किती, याचा अंदाज घेण्यासाठी गाठीत किंवा रक्तात ज्यांची पातळी मोजली जाते असे आखूड आरएनए रेणू. त्यांची लांबी साधारणतः १९ ते २५ न्यूक्लिओटाइडे असते. त्यांच्यापासून प्रथिन तयार होत नाही; आर्गोनॉट प्रथिनासोबत ते जुळत्या संदेशवाहक आरएनएला चिकटतात आणि त्याचे भाषांतर (म्हणजे त्यावरून प्रथिन बनणे) रोखतात किंवा त्याचा नाश घडवून आणतात.

अशा दर्शकांची गरज टीएनएम वर्गीकरणाच्या (गाठीचा आकार, लसिकाग्रंथींतील प्रसार आणि दूरचा प्रसार यांवरून रोगाची अवस्था ठरवणाऱ्या पद्धतीच्या) मर्यादेतून निर्माण झाली. पहिल्या अवस्थेतील दोन रुग्णांची गाठ सारख्याच आकाराची असते, दोघांचीही ती पूर्ण निघते. तरी एकाला वर्षानुवर्षे काही होत नाही आणि दुसऱ्याचा रोग उलटतो. केमोथेरपीचा त्रास कोणाला द्यावा आणि कोणाला त्यातून वाचवावे, हा निर्णय याच फरकावर अवलंबून असल्याने प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही.

पहिला मायक्रो-आरएनए, लिन-४, १९९३ मध्ये सूत्रकृमीत सापडला. ‘मायक्रो-आरएनए’ ही संज्ञा मात्र २००१ पासून रूढ झाली. या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कर्करोगाशी संबंध प्रथम २००२ मध्ये एका रक्ताच्या कर्करोगात दाखवला गेला. फुप्फुसाच्या संदर्भात सर्वसाधारणपणे ताकामिझावा व सहकाऱ्यांचा २००४ चा जपानी अभ्यास आरंभबिंदू मानतात. शस्त्रक्रिया झालेल्या १४३ रुग्णांपैकी ज्यांच्या गाठीत लेट-७ या मायक्रो-आरएनएची पातळी घटलेली होती ते कमी काळ जगले, आणि हा संबंध रोगाच्या अवस्थेवर अवलंबून नव्हता.

लेट-७ चे महत्त्व त्याच्या मूळ कामातून उलगडते. सूत्रकृमीत हे जनुक बिघडले की त्वचेकडील काही पेशी प्रौढ होण्याऐवजी विभाजत राहतात. नावातील ‘लेट’ हे प्राणघातक अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. मानवात लेट-७ कुलाची डझनभर जनुके आहेत. फुप्फुसाच्या कर्करोगात वारंवार गळणाऱ्या गुणसूत्र ३ च्या आखूड भुजेवर त्यांपैकी लेट-७जी आहे. लेट-७ हा रास कुलातील (पेशींची वाढ चालवणाऱ्या) जनुकांच्या संदेशांना आवरतो, हे २००५ मध्ये दाखवण्यात आले. लिन-२८ प्रथिन लेट-७ च्या पूर्वरेणूला धरून त्याची घडण थांबवते. त्यामुळे पातळी घटण्यास जनुक हरवणे हे एकच कारण नसते. ज्या दर्शकामागे अशी कार्यकारणसाखळी उभी आहे तो केवळ सांख्यिकीय संबंधावर टेकलेल्या दर्शकापेक्षा अधिक विश्वासार्ह मानणे योग्य ठरेल.

यानाइहारा व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गाठ आणि शेजारची निरोगी ऊती अशा १०४ जोड्या तपासल्या. ग्रंथिकर्करोगात (फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात) मिर-१५५ (‘मिर’ म्हणजे मायक्रो-आरएनएचे संक्षिप्त रूप) वाढलेला आणि लेट-७ए-२ घटलेला असेल तर जगण्याचा काळ कमी, असे त्यांना आढळले. मिर-१५५ प्रतिक्षमतेच्या पेशींतही भरपूर असतो; म्हणून ऊतीचा तुकडा कुठून घेतला यावर आकडा बदलू शकतो. पीटेन व पीडीसीडी-४ या गाठींना आवरणाऱ्या जनुकांना दाबणारा मिर-२१ बहुतेक अभ्यासांत प्रतिकूल दर्शक ठरला आहे. तैवानमधील गटाने २००८ मध्ये पाच मायक्रो-आरएनएंची एकत्र ‘स्वाक्षरी’ (मिळून अंदाज देणारा संच) मांडली. पुढे अशा अनेक स्वाक्षऱ्या आल्या, पण एकीतील रेणू दुसरीत क्वचितच भेटतात.

हे दर्शक खरोखर उपयोगी आहेत का, या मतभेदाचा मुख्य मुद्दा २०१० मध्ये पुढे आला. शस्त्रक्रियोत्तर केमोथेरपीच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतील ६३९ रुग्णांच्या पॅराफिनमध्ये (मेणासारख्या पदार्थात) जतन केलेल्या गाठींत लेट-७ए, मिर-१५५ व मिर-२१ यांसह सात मायक्रो-आरएनए मोजले गेले. त्यांचा पूर्वानुमानात मोठा वाटा दिसला नाही. काहींच्या मते दोष जुन्या नमुन्यांचा असावा. तथापि आखूड असल्यामुळेच हे रेणू पॅराफिनमध्ये चांगले टिकतात, त्यामुळे लहान गटांतील आरंभीचे निष्कर्ष फुगलेले होते हे स्पष्टीकरण अधिक संभवनीय वाटते. लघुपेशी कर्करोग या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या वेगळ्या प्रकारात मिर-१७-९२ हा मायक्रो-आरएनएंचा समूह वाढलेला असतो, एवढी नोंद २००५ पासून आहे.

रक्तातील मोजणीचा मार्ग २००८ च्या सुमारास खुला झाला. मिलानमधील गटाने २४ मायक्रो-आरएनएंचा वर्गीकारक (व्यक्तींना धोक्यानुसार गटांत विभागणारी चाचणी) तयार करून तो २०१४ मध्ये ९३९ धूम्रपानकर्त्यांच्या नमुन्यांवर पडताळला. त्याचा मुख्य रोख मात्र रोग लवकर ओळखण्यावर होता. नेहमीच्या उपचारात आजही औषधाची निवड ईजीएफआर व एएलके या जनुकांतील बदल, गाठीतील पीडी-एल१ हे प्रथिन अशांच्या चाचण्यांवर होते.

रक्ताच्या नमुन्यात एक साधी अडचण फार नुकसान करते. सुई ओढताना किंवा नळी हलवताना तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतील मिर-४५१, मिर-१६ व मिर-४८६ प्लाझ्मात (रक्ताच्या पेशीविरहित द्रवभागात) उतरतात. यांपैकी मिर-१६ अनेक प्रयोगशाळा तुलनेसाठी स्थिर मानत आल्या आहेत. तो वाढला की बाकी सर्व आकडे आपोआप घटलेले दिसतात. पिवळसर प्लाझ्मा गुलाबी दिसू लागला की शंका घ्यावी, पण डोळ्यांना न दिसणारी फूटही पुरते. म्हणून मोजणीपूर्वी ४१४ नॅनोमीटर तरंगलांबीवर प्लाझ्माचे प्रकाशशोषण पाहतात, किंवा मिर-४५१ए आणि मिर-२३ए यांचे गुणोत्तर काढून बिघडलेली नळी बाजूला ठेवतात.