शब्दाचे सांधे

सहावीतली माझी भाची विज्ञानाच्या पुस्तकात ‘फोटोसिंथेसिस’पाशी अडली. तिला म्हटलं, हनुवटीखाली तळहात धर आणि सावकाश म्हण. फो-टो-सिन्-थे-सिस. हनुवटी पाच वेळा हाताला लागली. स्वर म्हणताना तोंड उघडतं, जबडा खाली येतो. म्हणून कानाला जितके स्वर, तितके सिलॅबल, म्हणजे शब्दाचे उच्चारातले तुकडे. कागदावरचे स्वर मोजून भागत नाही. ‘मेक’च्या स्पेलिंगमध्ये स्वर दोन आहेत, पण हनुवटी एकदाच हलते.

हे झाले आवाजाचे सांधे. अर्थाचे सांधे निराळे. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘सिन्’ म्हणजे एकत्र, ‘थेसिस’ म्हणजे मांडणं, ठेवणं. तिन्ही मूळचे ग्रीक. आपला ‘प्रकाशसंश्लेषण’ही त्याच क्रमाने उभा आहे: प्रकाश, सम्, श्लेषण. हे दिसलं आणि भाचीचे दोन्ही शब्द एकदमच पाठ झाले.

खरी मजा हे सांधे जुळत नाहीत तिथे. हेलिकॉप्टर घ्या. बोलताना आपण हे-लि-कॉप्-टर म्हणतो. अर्थाने मात्र ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टर’ म्हणजे पंख. १८६१ मध्ये फ्रान्सच्या गुस्ताव्ह पाँतों दामेकूर यांनी हा शब्द घडवला. इंग्रजीत ‘प्ट’ने सिलॅबल सुरू होत नाही, म्हणून ‘प्’ मागच्या तुकड्याला चिकटला. पुढे लोकांनी शब्द ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असा तोडला, आणि त्या ‘हेलि’तून हेलिपॅड, हेलिपोर्ट जन्मले.

आपल्याला हे नवं नाही. ‘विद्यार्थी’ बोलताना विद्-यार्-थी. संधी सोडवली की विद्या आणि अर्थी. मधल्या ‘या’मध्ये एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात विरघळलेली आहे. मराठीच्या तासाला संधी सोडवणारी मुलं इंग्रजीच्या तासाला तेच स्पेलिंग घोकत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. कौशल्य त्यांच्याकडे आहेच, फक्त दोन्ही तासांचा धागा कोणीतरी जोडून द्यायला हवा.

परवा भाची ‘टेरोडॅक्टिल’ या डायनासोरांच्या काळातल्या उडणाऱ्या प्राण्याच्या नावाचं स्पेलिंग घेऊन आली. सुरुवातीचा ‘पी’ उच्चारायचा नसेल तर लिहायचा कशाला, हा तिचा प्रश्न. मग स्वतःच थबकली. “मामा, हा हेलिकॉप्टरमधलाच पंख ना?” तोच. आणि ‘डॅक्टिल’ म्हणजे बोट. त्या प्राण्याच्या पंखाचा पडदा एका लांबच लांब बोटावर ताणलेला असायचा.