बोगदा मेट्रोच्या किमतीचा, वेग चौकातल्या सिग्नलचा

शहराच्या मध्यभागाकडे जाणाऱ्या मार्गांचं गणित तुलनेनं सोपं असतं. सकाळी सगळे आत जातात, संध्याकाळी सगळे बाहेर पडतात. शहराला आडवा छेद देणारा मार्ग तसा वागत नाही. तिथे माणसं मध्येच चढतात, चार-पाच स्थानकांनंतर उतरून मध्यभागाकडे जाणारी गाडी पकडतात आणि त्यांच्या जागी दुसरी येऊन बसतात. एका फेरीत एकच आसन तिघाचौघांच्या कामी येतं. त्यामुळे दिवसाला लाखभर प्रवासी असले, तरी कुठल्याही एका ठिकाणी गाडी त्या मानानं बेताचीच भरलेली असते.

अशा मार्गावर भुयारी मेट्रो हवी की लाइट रेल, म्हणजे रस्त्यावरूनही धावू शकणारी ट्रामसारखी हलकी रेल्वे, या वादात पुढारी दिवसाच्या प्रवाशांचा आकडा पुढे करतात. वाहतूक अभियंत्याला हवा असतो तो वेगळाच आकडा: सर्वांत गर्दीच्या तासात, सर्वांत भरलेल्या टप्प्यावरून, एका दिशेनं किती माणसं जाणार?

कॅनडातल्या टोरांटो शहरातल्या एग्लिंटन अव्हेन्यू या रस्त्याचं उदाहरण घेऊ. तिथल्या आडव्या मार्गासाठी २०३१ सालचा हा अंदाज होता ५,५०० माणसं. टोरांटोच्या सहा डब्यांच्या मेट्रोत हजारभर प्रवासी मावतात. अडीच मिनिटांना एक गाडी सोडली तर तासाला सुमारे २५,००० होतात. लाइट रेलचे साधारण ३० मीटर लांबीचे तीन डबे जोडले तर ४९० च्या आसपास माणसं बसतात-उभी राहतात, आणि दोन मिनिटांना एक गाडी म्हणजे तासाला सुमारे १५,०००. गरज ५,५०० ची असेल तर मेट्रो कशाला? हिशेब इथेच मिटायला हवा होता.

पण तो मिटला नाही. याच रस्त्याखाली १९९४ मध्ये मेट्रोचं खोदकाम सुरू झालं होतं. १९९५ मध्ये प्रांतात सरकार बदललं आणि खणलेला खड्डा पुन्हा बुजवला गेला. २००७ च्या आराखड्यात लाइट रेल आली, २०१० मध्ये निवडून आलेल्या महापौरांनी तो आराखडाच मोडीत काढला, २०१२ मध्ये नगर परिषदेनं मतदान करून लाइट रेल परत आणली. जे बांधलं गेलं ते दोन्हींचं मिश्रण: १९ किमी, २५ स्थानकं आणि थांबे, मधले सुमारे १० किमी जमिनीखाली, आणि पूर्वेकडे बहुतांश रूळ रस्त्याच्या मधोमध.

ग्यानबाची मेख आहे ती या मिश्रणात. १५,००० हा आकडा बोगद्यात खरा असतो. तिथे स्वयंचलित नियंत्रण गाड्यांमधलं अंतर सांभाळतं, आडवं कुणी येत नाही. रस्त्यावर आल्यावर चालक समोर बघून गाडी हाकतो आणि दर चौकात सिग्नल असतो. गाडी येताना दिसली की हिरवा दिवा थोडा लांबवायचा, ही सोय ऐकायला छान आहे. पण प्रत्येक दिशेनं तीन मिनिटांना एक गाडी धरा. दोन्ही दिशा मिळून चौकात दर ९० सेकंदांना एक गाडी येते, आणि मोठ्या चौकातला सिग्नलचा पूर्ण फेरा तेवढा किंवा त्याहून मोठाच असतो. दोन मिनिटांना गाडी केली तर चौकात दर मिनिटाला एक. प्रत्येक गाडीला वाट मोकळी करून द्यायची म्हटली, तर आडव्या रस्त्यावरच्या मोटारी आणि पादचारी थांबूनच राहतील. म्हणून काही गाड्या सिग्नलला थांबतात.

थांबलेली गाडी उशिरा पोचते. उशिरा पोचल्यामुळे पुढच्या फलाटावर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो. मागच्या गाडीला तोच फलाट जवळजवळ रिकामा मिळतो, ती झपाट्यानं निघते. थोड्याच वेळात दोन गाड्या एकमेकींच्या शेपटीला लागून धावतात आणि त्यानंतर बराच वेळ काहीच येत नाही. हीच विस्कटलेली रांग मग बोगद्यात शिरते, कारण गाड्या त्याच असतात. चौकातला गोंधळ दहा किलोमीटर महागड्या बोगद्यालाही भोवतो.

गाडीची लांबीही रस्ताच ठरवतो. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये मध्यवर्ती भागातल्या दोन चौकांमधलं अंतर जेमतेम ६० मीटर आहे, म्हणून तिथली लाइट रेल दोनच डब्यांची. तिसरा डबा जोडला तर थांब्यावर उभी गाडी मागचा चौक अडवेल.

बोगदा खणणाऱ्या यंत्राला मात्र आतून काय धावणार याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. उलट रस्त्यावर माणसं रूळ ओलांडतात, तिथे मेट्रोसारखा वीज पुरवणारा तिसरा रूळ ठेवता येत नाही; वीज वरच्या तारेतून घ्यावी लागते, आणि तारेसाठी बोगद्याला वर जागा लागते. भुयारी मार्गाच्या खर्चात स्थानकांचा वाटा मोठा असतो: खोल खड्डा, सरकते जिने, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा. हा सगळा खर्च लाइट रेललाही चुकत नाही.

थांबे किती अंतरावर ठेवायचे, यावर मात्र मेट्रोवाले मला नेहमी घाईत वाटतात. दूरदूरची स्थानकं म्हणजे वेग, हे खरंच. ताशी ७० किमीनं धावणारी गाडी थांबवणं, २० सेकंद उभी ठेवणं आणि पुन्हा वेगात आणणं, यात प्रत्येक थांब्याला साधारण ४० सेकंद जातात. थांबे ५०० मीटरवर असतील तर सरासरी वेग ताशी २८ किमीच्या आसपास पडतो. एक किलोमीटरवर नेले तर ४० च्या जवळ. पाच किलोमीटरच्या प्रवासात वाचतात सव्वातीन मिनिटं. पण स्थानकं लांब गेल्यानं दोन्ही टोकांना मिळून सरासरी २५० मीटर जास्त चालावं लागतं, त्याची झाली तीन मिनिटं. म्हणजे हाती फारसं काही लागलं नाही! शिवाय स्थानक खोल असेल तर जिन्यांवरचा वेळ वेगळाच. वीस किलोमीटर जाणाऱ्याला वेग हवा असतो, पण आडव्या मार्गावर छोट्या प्रवासांचा भरणा असतो.

टोरांटोतच दुसऱ्या टोकाचा, म्हणजे आडव्या मार्गावर पूर्ण मेट्रो बांधल्याचा नमुनाही आहे. शेपर्ड अव्हेन्यूखाली २००२ मध्ये आडवी मेट्रो सुरू झाली: साडेपाच किलोमीटर, पाच स्थानकं, आणि गर्दी कमी म्हणून सहाऐवजी चार डब्यांच्या गाड्या.

या दोन टोकांच्या मधली वाट कोपनहेगननं २००२ मध्ये आणि व्हँकूव्हरनं कॅनडा लाइन या मेट्रो मार्गावर २००९ मध्ये धरली. गाड्या चाळीसेक मीटरच्या, चालक नाही, मार्ग पूर्णपणे वेगळा आणि फेऱ्या वारंवार. फलाट आखूड असल्यानं स्थानकाचा खड्डाही लहान. यातही धोका आहे: फलाट फारच आखूड बांधला आणि गर्दी अंदाजापेक्षा वाढली, तर डबा वाढवायला जागा उरत नाही. तरीही निम्म्याहून जास्त मार्ग जमिनीखाली जाणारच असेल, तर उरलेला पुलावर किंवा वेगळ्या पट्ट्यात न्यावा आणि एकही चौक ठेवू नये, असं माझं मत आहे. एग्लिंटनच्या पश्चिमेकडच्या सुमारे ९ किमी विस्तारात बहुतेक भाग जमिनीखाली ठेवायचं ठरलं, गाड्या मात्र लाइट रेलच्याच.

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन आणि क्वीन्सला जोडणाऱ्या इंटरबरो एक्स्प्रेससाठी २०२३ मध्ये लाइट रेल निवडली गेली. सुमारे २२ किमीचा हा मार्ग जुन्या मालगाडीच्या पट्ट्यातून जातो, म्हणजे बहुतेक ठिकाणी चौक नाहीतच. अडचण होती एका दफनभूमीपाशी: तिथला जुना बोगदा अरुंद, म्हणून थोडं अंतर गाडी रस्त्यावरून न्यायचं ठरलं होतं. पुढे तो बेत बदलला आणि तिथे बोगद्यातूनच जायचं ठरलं. त्यानंतर या टोकापासून त्या टोकापर्यंतचा अपेक्षित वेळ सुमारे ४० मिनिटांवरून ३२ वर आला. गाडी लाइट रेलचीच राहिली.