घड्याळ म्हणतं 286, पण खऱ्या कॅलरी किती?
(आमच्या जिमच्या सभासदांसाठी माहितीपत्रक, जळगाव)

एप्रिलमधली गोष्ट. सकाळच्या बॅचच्या एक ताई ट्रेडमिलवरून उतरल्या, घाम पुसत काउंटरपाशी आल्या आणि मनगट पुढे केलं. घड्याळात 286 कॅलरी. ट्रेडमिलच्या पडद्यावर 187. वेळ चाळीस मिनिटं, वेग ताशी 5 किलोमीटर, चढ शून्य. "दादा, यातलं खरं कोणतं धरू?"

कागद-पेन घेऊन आम्ही दोघांनी हिशेब मांडला. तो 159 वर आला, आणि त्यातूनही एक वजाबाकी करायची राहिली होती. "आज किती कॅलऱ्या जयल्या?" हा प्रश्न आमच्याकडे रोज कुणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर प्रत्येकाला स्वतः काढता यावं म्हणून हे पत्रक छापलं आहे. घरी न्या, फ्रिजवर लावा.

हिशेब कसा करायचा

खाण्याच्या बाबतीत आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी असते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी. शरीर ही ऊर्जा ऑक्सिजन वापरून काढतं. एक लिटर ऑक्सिजन खर्च झाला की साधारण 5 कॅलरी. म्हणून प्रयोगशाळेत तोंडाला मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन मोजतात. असा मास्क आमच्याकडे नाही, ट्रेडमिललाही नाही. जिममध्ये दिसणारा कॅलरीचा प्रत्येक आकडा म्हणजे अंदाज, एवढं आधी लक्षात घ्या.

अंदाजाचं माप म्हणजे 'मेट'. माणूस शांत बसलेला असताना जेवढा खर्च होतो तो 1 मेट, आणि तो ढोबळमानाने दर किलो वजनामागे तासाला 1 कॅलरी धरतात. एखाद्या कामाचा मेट 5 असेल, तर त्यात बसण्याच्या पाचपट खर्च होतो. अशा शेकडो हालचालींची सूची संशोधकांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात पुढे भर पडत गेली आणि 2024 मध्ये ती पुन्हा सुधारली. आपल्याला पाठ करायचा आहे तो एवढाच गुणाकार:

मेट × तुमचं वजन (किलो) × वेळ (तास)

ताईंचं वजन 68 किलो. ताशी 5 किलोमीटरच्या चालीचा मेट साधारण 3.5. तासाचे झाले 238, चाळीस मिनिटांचे 159.

आता ती राहिलेली वजाबाकी. ताई त्या चाळीस मिनिटांत घरी खुर्चीत बसल्या असत्या, तरी श्वास, हृदय, मेंदू यांवर 45 कॅलरी खर्च झाल्याच असत्या. चालण्यामुळे वाढीव खर्च झाला तो सुमारे 114. जिमचा म्हणून हाच आकडा धरा. मोठा चमचाभर तेलात 120 कॅलरी असतात. शेवभाजीवर जी तर्री तरंगते, तिच्यात असे किती चमचे असतात ते घरच्या बाईमाणसाला विचारा.

ट्रेडमिलने 187 का दाखवले? त्यात वजन 80 किलो भरलेलं होतं. आधी चालून गेलेल्या दादांचं. यंत्राला दिसतो फक्त वेग आणि चढ, वर कोण उभं आहे ते त्याला कळत नाही. सुरू करताना आपलं वजन टाकायचं, ही सवय आजपासून लावा.

कोणत्या व्यायामाला किती मेट

जोरात चालणं, म्हणजे ताशी साडेसहा किलोमीटर: 5. ताशी 8 किलोमीटरने पळणं: 8 च्या थोडं वर, आणि ताशी साडेनऊला 9 ते 10. सायकल रस्त्यावर ताशी 16 ते 19 किलोमीटरने चालवली तर 7 च्या जवळ. दोरीवरच्या उड्या न थांबता मारल्या तर 11 ते 12, पण न थांबता दहा मिनिटं उड्या मारणारे आमच्या पाहण्यात फार थोडे. थांबून थांबून मारत असाल तर थांबण्याची मिनिटं वजा करा. साधी योगासनं अडीच, सूर्यनमस्कार सव्वातीन. वजनं उचलणं साडेतीन ते सहा, दोन सेटमध्ये किती वेळ मोबाईल बघता त्यावर अवलंबून. घरचं झाडणं-पुसणंही साडेतीनच्या आसपास येतं. "मी कुठे व्यायाम करते, घरकामच करते" असं सांगणाऱ्या ताईंनी हा आकडा वाचावा.

पळण्यासाठी त्याहून सोपा ठोकताळा आहे: दर किलोमीटरला दर किलो वजनामागे 1 कॅलरी. 70 किलोचा माणूस 5 किलोमीटर पळाला की 350. हळू पळा नाहीतर जोरात, अंतर तेच असेल तर आकडा फारसा हलत नाही. मेहरुण तलावावर पळणाऱ्यांना घड्याळाची गरजच नाही, किती अंतर झालं तेवढं कळलं की पुरे.

चढ हे आमचं सगळ्यात आवडतं साधन. ताशी 5 च्या चालीला ट्रेडमिलचा चढ 5 टक्के केला की मेट साडेतीनवरून साडेपाचवर जातो. पळायची गरज नाही, गुडघ्यांना धक्केही नाहीत. पाटणादेवीच्या डोंगरात चढताना दम लागतो त्याचं कारण हेच, दर पावलाला अख्खं वजन वर उचलावं लागतं. मात्र पुढची दांडी धरून चाललात तर पायांवरचा भार हातांवर जातो, आणि पडद्यावरचा आकडा तसाच फुगत राहतो. तोल जाईल अशी भीती वाटत असेल तर चढ कमी करा, पण दांडी सोडा.

व्यायामाच्या सायकलवर वॅट दिसत असतील तर तिथला अंदाज इतर यंत्रांपेक्षा बरा असतो, कारण तुम्ही पेडलवर केलेलं काम तिथे खरोखर मोजलं जातं. 100 वॅटने तासभर म्हणजे 360 किलोज्यूल काम. आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी पावभागच कामात लावतात, बाकीची उष्णता होते. एका कॅलरीत 4.184 किलोज्यूल असतात, त्यामुळे चारने भागणं आणि चारने गुणणं जवळजवळ फिटतं. किलोज्यूलचा आकडा आहे तसाच कॅलरी म्हणून वाचला तरी चालतो.

घड्याळ कुठे चुकतं

मनगटावरचं घड्याळ नाडीचे ठोके बऱ्यापैकी मोजतं. चूक होते ती ठोक्यांवरून कॅलरी काढताना. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये 60 जणांच्या मनगटावर सात प्रकारची यंत्रं तपासली. सातपैकी सहा यंत्रांच्या ठोक्यांत 5 टक्क्यांहून कमी चूक निघाली. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या यंत्राचीही सरासरी चूक 27 टक्के होती आणि सगळ्यात वाईटाची 93. घड्याळं त्यानंतर सुधारली असतील, तरी त्यांना दिसतात ते ठोके, ऑक्सिजन दिसत नाही. अडचणीचं मूळ तेच आहे.

आणि ठोके फक्त मेहनतीने वाढत नाहीत. आपल्या भागात हे सगळ्यात महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळला पारा 44-45 वर जातो. अंग थंड ठेवायला शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, आणि तीच चाल चालताना ठोके जानेवारीपेक्षा वर जातात. घड्याळाला वाटतं माणूस जास्त राबतोय, ते कॅलरी वाढवून दाखवतं. ताईंचे 286 असेच आले असावेत. झोप न झालेली, दोन कप कडक चहा, मनातली काळजी यांनीही ठोके वाढतात.

रक्तदाबाच्या काही गोळ्या (मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या) ठोके मुद्दाम कमी ठेवतात. त्या घेणाऱ्यांचं घड्याळ उलट कमी कॅलरी दाखवतं. त्यांनी ठोक्यांचा नाद सोडावा आणि बोलून बघावं: चालताना बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मेहनत मध्यम आणि योग्य. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं, आणि व्यायामात थरथर किंवा घेरी आली तर लगेच आम्हाला हाक मारावी.

घामाबद्दल तर आम्हाला हात जोडून सांगायचंय. घाम म्हणजे चरबी वितळली असं नाही. उन्हाळ्यात तासाभराच्या व्यायामानंतर काट्यावर किलोभर कमी दिसलं, तर ते जवळजवळ सगळं पाणी असतं आणि ते भरून काढायचंच असतं. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी साठलेल्या असतात. ताईंच्या चालीने तेवढ्या वापरायला 67-68 दिवस लागतील, तेही रोजचं खाणं जराही वाढलं नाही तर. प्लॅस्टिकचा सूट घालून किंवा पंखा बंद करून ट्रेडमिलवर चढणं आमच्याकडे चालणार नाही. एक मुलगा असाच घेरी येऊन बसला होता, तेव्हापासून हा नियम केला आहे.

गुणाकारही चुकू शकतो

1 मेटमागे दर किलो वजनाला मिनिटाला 3.5 मिलिलिटर ऑक्सिजन धरतात. हे माप 40 वर्षांच्या, 70 किलोच्या एका पुरुषावरून रूढ झालं. 2005 मध्ये 769 प्रौढांवर मोजून पाहिलं तेव्हा सरासरी 2.6 च्या आसपास आली. बसल्या जागी होणारा खर्च बहुतेकांचा त्या मापापेक्षा कमी असतो. वय जास्त, स्नायू कमी, चरबी जास्त असेल तर हा फरक वाढतो. म्हणून पन्नाशीच्या पुढच्यांनी आणि वजन बरंच जास्त असलेल्यांनी आलेल्या उत्तरातून आणखी पाचवा हिस्सा कमी धरावा, असं आम्ही सुचवतो. हा आमचा अनुभवाचा ठोकताळा आहे, विज्ञानाचा नियम नाही.

वजन उतरलं की खर्चही उतरतो. 80 चे 72 झालात तर त्याच चालीला दहावा हिस्सा कमी लागतो. "पहिल्यासारखं उतरत नाही" असं तीन महिन्यांनी बरेच जण म्हणतात, त्याचं एक कारण हे.

वजनं उचलणाऱ्या मुलांना कुणीतरी सांगतं की स्नायू वाढले की झोपेतही भरपूर कॅलरी जळतात. एक किलो स्नायू आरामात दिवसाला सुमारे 13 कॅलरी खर्च करतो, एवढंच. वजनं जरूर उचला. हाडं, गुडघे, कंबर, साखर यांसाठी त्याचा फायदा मोठा आहे, कॅलरीच्या रकान्यात तो दिसत नाही म्हणून कमी होत नाही.

आकडा कशासाठी वापरायचा

खाण्याची परवानगी म्हणून वापरू नका. घड्याळात 500 दिसले म्हणून संध्याकाळी भरीत-पुरीचा दुसरा घाणा घेतला, तर खरी कमाई दोनशेची आणि खर्च पाचशेचा होतो. थंडीत मळ्यात भरताची पार्टी असेल तर आनंदाने जेवा, फक्त त्याचा हिशेब ट्रेडमिलशी जोडू नका.

वापरायचा तो स्वतःशी तुलना करायला. यंत्र तेच, वजन बरोबर भरलेलं, वेळही तीच. मग मागच्या महिन्यापेक्षा आकडा वाढला की मेहनत वाढली, हे खात्रीने म्हणता येतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मिनिटं मोजायला अंदाज लागत नाही.

आमच्या दारावर पूर्वी 'एका तासात 500 कॅलरी' असा फलक होता. 60 किलोच्या ताई ताशी 5 किलोमीटरने तासभर चालल्या, तर 210 होतात. तो फलक आम्ही काढला आहे.

काउंटरवर पिवळं कार्ड ठेवलंय. दर सोमवारी व्यायामाआधी, पाणी पिण्यापूर्वी वजन करून त्यावर लिहा, मागच्या बाजूला मेटचे आकडे आहेत. गुणाकार जमत नसेल तर सकाळच्या बॅचनंतर अर्धा तास आम्ही तिथेच बसलेले असतो, कार्ड घेऊन या. मे महिन्यात सकाळची बॅच साडेपाचला सुरू होईल, पाण्याची बाटली आणल्याशिवाय ट्रेडमिल मिळणार नाही.