चार आणे डाऊनी

छाटणीला महिना झालेला, द्राक्षाची बाग फुलोऱ्याच्या तोंडावर, आणि अशात दोन दिवस अवकाळी पाऊस. निफाड तालुक्यातल्या मावसभावाचा फोन येणार हे ठरलेलंच होतं. तिसऱ्या दिवशी आला. "दादा, चार आणे बाग गेली डाऊनीत." डाऊनी म्हणजे पानावर तेलकट डाग पाडणारा द्राक्षाचा रोग.

भाऊ पस्तिशीचा, बारावी सायन्स. फोनवर हवामानाची तीन ॲप्स. दशमान नाणी १९५७ साली आली, म्हणजे आण्याचा व्यवहार त्याने पाहिलेलाच नाही. पण नुकसान सांगायची वेळ आली की त्याच्या तोंडून आणेच निघतात. आपलं महसूल खातंही यात मागे नाही. पिकाची पैसेवारी, म्हणजे रुपयात किती पैसे पीक आलं याचा अंदाज, अजून निघते, ती पन्नास पैशांखाली गेली की गाव टंचाईत, आणि तिच्या पहिल्या फेरीचं अधिकृत नावच ‘नजरअंदाज पैसेवारी’. मला हे नाव फार आवडतं. मोजमापाची सगळी अडचण त्यात आधीच कबूल करून टाकली आहे.

रविवारी बागेवर गेलो. "चार आणे कसे काढलेस?" विचारलं. म्हणाला, दोन ओळी चाललो, दर चौथ्या पानावर तेलकट डाग आहे. म्हणजे पंचवीस टक्के. हिशोब चोख होता. मी डागांची वीस पानं पिशवीत घालून नाशिकला आणली आणि शाळेत शिकवतात तसं आलेख कागदावर पान ठेवून, कड गिरवून, चौकोन मोजत बसलो. एक मोठं पान ११२ चौरस सेंटीमीटर भरलं, त्यावरचे डाग ७. म्हणजे सव्वासहा टक्के. बाकीचीही थोड्याफार फरकाने तेवढीच. सव्वासहा टक्के म्हणजे रुपयात एक आणा. आणि दर चार पानांतल्या एकाच पानावर हा एक आणा, तेव्हा सगळ्या बागेचा हिशोब केला तर पाव आणा. जुन्या भाषेत एक पैसा.

चार आणे, एक आणा, एक पैसा. बाग तीच, दिवस तोच, खोटं कुणीच बोलत नाही. किती पानांना रोग लागला हे रोगाचं प्रमाण. लागलेल्या पानाचा किती भाग गेला ही तीव्रता. दोन्ही टक्क्यांतच सांगतात, म्हणून दोन्ही एकच वाटतात.

माणसांच्या बाबतीत हा घोळ आपण सगळ्यांनी २०२१च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत अनुभवला आहे. तेव्हा नाशकात कुणी कुणाला "बरे आहात ना" विचारत नव्हतं, "स्कोअर किती आला?" विचारत होतं. आमच्या एका काकांचा सीटी स्कोअर, म्हणजे छातीच्या स्कॅनवरून फुफ्फुस किती बाधित आहे याचे गुण, पंचवीसपैकी दहा आला आणि तासाभरात सगळ्या नातेवाइकांत पसरलं की चाळीस टक्के फुफ्फुस गेलं. बारावीचे मार्क काढायची सवय, दुसरं काय! पण तो स्कोअर कसा देतात ते पाहा. उजव्या फुफ्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन असे पाच खंड. प्रत्येक खंडाला शून्य ते पाच गुण. पाच टक्क्यांपेक्षा कमी भाग बाधित असेल तर एक, पाच ते पंचवीस टक्के असेल तर दोन, पन्नासपर्यंत तीन, पंचाहत्तरपर्यंत चार, त्यापुढे पाच. आता पाचही खंडांना दोन-दोन गुण मिळाले तर बेरीज दहा. आणि प्रत्यक्षात गेलेला भाग? सहा टक्के असू शकतो, चोवीसही असू शकतो. चाळीस असूच शकत नाही. शिवाय उजवीकडचा मधला खंड आकाराने लहान, तरी गुण देताना मोठ्या खालच्या खंडाच्या बरोबरीचा. काका चालत घरी आले, पण ‘चाळीस टक्क्यां’ची ती रात्र घरच्यांनी कशी काढली ते मला माहीत आहे.

मग हे गुण असे वाकडेतिकडे का ठेवतात? एक गुण पाच टक्क्यांचा, पुढचा वीसचा, त्यापुढचा पंचवीसचा? याचं उत्तर फुफ्फुसात नाही, डोळ्यात आहे. या लेखाचं खरं निमित्तही तेच.

हातात एक किलोची पिशवी असताना कुणी शंभर ग्रॅम टाकले तर कळतात. पाठीवर पन्नास किलोची कांद्याची गोणी असताना तेच शंभर ग्रॅम टाकले तर कळत नाहीत. तिथे फरक जाणवायला काही किलोच टाकावे लागतील. जर्मनीतल्या लाइपझिगच्या अर्न्स्ट वेबरने एकोणिसाव्या शतकात हे नीट मोजलं: फरक जाणवायला किती भर लागते हे मूळ वजनाच्या प्रमाणात ठरतं. त्याच गावच्या फेक्नरने १८६० साली पुढची उडी मारली. तो म्हणाला, म्हणजे आपल्या जाणिवेची एकेक पायरी ही बाहेरच्या जगात बेरजेची नसून गुणाकाराची आहे. बाहेर १, २, ४, ८, १६ असं दुप्पट होत गेलं तर आत आपल्याला १, २, ३, ४, ५ असं समान वाढल्यासारखं वाटतं. गणितात याला लॉगॅरिदम म्हणतात. अकरावीतली ती लॉगची पुस्तिका आठवून धस्स झालं असेल तर एवढंच धरा: सुरुवातीला बारीक, पुढे ढोबळ. ताऱ्यांच्या प्रती अशाच आहेत. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा पाचपट नव्हे, शंभरपट तेजस्वी. हा हिशोब नॉर्मन पॉगसनने १८५६ मध्ये पक्का केला, आणि हेच पॉगसन पुढे मद्रासच्या वेधशाळेत आले.

हे सगळं पानावर आणलं हॉर्सफॉल आणि बॅरट या अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञांनी, १९४५ साली. त्यांचं म्हणणं असं: पान अर्ध्यापेक्षा कमी रोगट असेल तर डोळा रोग मोजतो, अर्ध्यापेक्षा जास्त रोगट असेल तर उरलेला हिरवा भाग मोजतो. आणि दोन्हीकडे फेक्नरच्या नियमाने मोजतो. म्हणून त्यांनी बारा पायऱ्या केल्या. निरोगी पान ही पहिली, मग ३ टक्क्यांपर्यंत, ६ पर्यंत, १२ पर्यंत, २५ पर्यंत, ५० पर्यंत. इथून उलट्या क्रमाने ७५, ८८, ९४, ९७, मग शंभराच्या आतलं, आणि शेवटी पूर्ण गेलेलं पान. दोन्ही टोकांना पायऱ्या चिंचोळ्या, मध्ये ऐसपैस. गंमत म्हणजे ही मोजपट्टी मांडणारा मजकूर पूर्ण शोधनिबंधसुद्धा नव्हता. परिषदेसाठी दिलेला छोटासा सारांश. त्यावर जगभरच्या शेतात साठ वर्षं पानं मोजली गेली.

मग २००६ मध्ये नटर आणि एस्कर यांनी प्रयोग करून पाहिलं. लोकांना वेगवेगळ्या तीव्रतेची पानं दाखवायची आणि अंदाज विचारायचा. अंदाज आणि खरी टक्केवारी यांचं नातं निघालं सरळ रेषेचं! डोळा मध्यभागी तितका आंधळा नाही जितका फेक्नरने आणि त्याच्या भरवशावर हॉर्सफॉल-बॅरटने धरला होता. पंचवीस ते पन्नास ही एकच पायरी करून आपण साठ वर्षं डोळ्याला दिसणारे फरक फेकून देत होतो.

दुसरा घोटाळा सरासरीचा. इथे जरा कागद-पेन्सिल घ्या. एक पान तिसऱ्या पायरीवर आहे, म्हणजे ३ ते ६ टक्के, मध्य साडेचार. दुसरं सातव्या पायरीवर, म्हणजे ५० ते ७५, मध्य साडेबासष्ट. दोन्ही पानांची खरी सरासरी साडेतेहेतीस टक्के. पण पायऱ्यांची सरासरी काढली तर पाच, आणि पाचवी पायरी म्हणजे १२ ते २५, मध्य साडेअठरा. रोग कागदावरच निम्म्याच्या आसपास बरा झाला, एक फवारणी न करता. पायरी हा क्रमांक आहे, माप नव्हे. वर्गात तिसरा आलेला आणि सातवा आलेला यांची सरासरी पाचव्याचे मार्क असते का?

उलटा घोटाळाही होतो. आपल्याकडे पिकांवरच्या औषधांच्या चाचण्यांत रोगनिर्देशांक काढतात. त्याचं सूत्र असं: पानागणिक गुण द्यायचे, बेरीज करायची, पानांची संख्या गुणिले सर्वांत मोठा गुण याने भागायचं, आणि शंभराने गुणायचं. समजा गुण शून्य ते चार आहेत आणि पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या रोगाला एक गुण. शंभर पानांवर प्रत्येकी मोहरीएवढा एकच ठिपका असेल तर? शंभर गुण, भागिले चारशे. निर्देशांक पंचवीस. चार आणे!

गव्हाच्या तांबेऱ्याचं तर आणखी निराळं. नेथन कॉब यांनी १८९०च्या दशकात ऑस्ट्रेलियात पानांची प्रमाणचित्रं काढली, शेजारी ठेवून जुळवायला. पुढे १९४८ साली ती सुधारली. तांबेऱ्याचे फोड पानभर खचाखच भरले तरी मध्ये थोडी जागा सुटतेच. त्या खचाखच अवस्थेत फोडांनी व्यापलेली खरी जागा धरली ३७ टक्के, आणि तिलाच शंभर म्हटलं. निफाडला गव्हाचं जुनं संशोधन केंद्र आहे. तिथल्या जाणकाराला हे नवं नाही, पण बाहेरचा माणूस ‘शंभर टक्के तांबेरा’ वाचून पान उरलंच नाही असं समजेल.

डोळ्याची आणखी एक खोड सांगायलाच हवी. तेवढीच रोगट जागा एका मोठ्या डागात असेल तर आपण कमी सांगतो, पन्नास बारीक ठिपक्यांत असेल तर जास्त. आणि चूक सर्वांत मोठी होते ती रोग थोडा असताना, म्हणजे नेमकं निर्णय घ्यायच्या वेळी. भावाच्या मोटारीच्या खोलीवर काळी बाहुली टांगलेली आहे, बागेला नजर लागू नये म्हणून. बागेला लागणारी नजर मला अजून कुणी दाखवलेली नाही. पण बघणाऱ्याची नजर चुकते ती मोजता येते, आणि दोन-चार तास प्रमाणचित्रांवर सराव केला की बरीच सुधारतेही. बाहुलीच्या बाबतीत असा अनुभव नाही. तीच गत ‘फोटो काढा, रोग ओळखा’वाल्या ॲप्सची. पानावर बोर्डो मिश्रणाच्या फवारणीचे वाळलेले डाग होते, ऊन तिरपं होतं, ॲपने छातीठोकपणे भुरी हा निराळाच रोग सांगितला. यंत्राचा डोळा थकत नाही हे खरं, पण त्याला दाखवायचं काय हे आधी माणसानेच ठरवलेलं असतं.

जिथे मोजायला क्षेत्रफळच नसतं तिथे काय? ग्लासगोच्या टीजडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली शुद्ध हरपलेल्या रुग्णासाठी माप तयार केलं. आज वापरतात त्या रूपात डोळे उघडण्याला चारपर्यंत, बोलण्याला पाचपर्यंत, हालचालीला सहापर्यंत गुण. एकूण पंधरा. मात्र कमीत कमी शून्य नव्हे, तीन. प्रतिसाद अजिबात नसला तरी तीन! नातेवाइकांना "स्कोअर तीन आहे" सांगितलं की थोडी आशा वाटते, आणि ते समजावण्याची वेळ बिचाऱ्या निवासी डॉक्टरवर येते.

जनावर तर बोलतही नाही. पण मला सगळ्यांत शहाणं वाटलेलं माप जनावरांचंच आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात रक्त पिणारे जंत होतात. दक्षिण आफ्रिकेत त्यासाठी एक रंगाचं कार्ड तयार झालं, नाव फामाचा. जनावराची खालची पापणी उलटायची आणि आतला रंग कार्डावरच्या पाच छटांशी जुळवायचा. लालबुंद म्हणजे एक, पांढराफटक म्हणजे पाच. चार आणि पाचला जंतनाशक द्यायचं, तीनला परिस्थिती पाहून, एक-दोनला सोडून द्यायचं. सगळ्या कळपाला औषध पाजलं तर औषधाला न जुमानणारे जंत तेवढे मागे उरतात. काहींना सोडलं तर साधे, औषधाने मरणारे जंतही कळपात टिकतात आणि पुढच्या पिढीत भेसळ राहते. पापणीचा रंग किती टक्के फिकट झाला हे इथे कुणी विचारत नाही. औषध द्यायचं की नाही, एवढ्याचसाठी ते माप आहे.

हे सगळं मी भावाला सांगितलं. एक पैशाचा आकडा जरा ऐटीतच ऐकवला. तो शांतपणे म्हणाला, "दादा, पानं गेली तर पुढं नवी फुटतील. घडावर आली तर काय करू?" बरोबर होतं त्याचं. पानावरचे सात चौरस सेंटीमीटर वेलीला झेपतात. फुलोऱ्यातल्या घडावर तीच डाऊनी आली तर घडच हातचा जातो. शिवाय लागण झाल्यापासून डाग दिसेपर्यंत पाच ते दहा दिवस जातात. पाऊस पडून पाचच दिवस झाले होते. म्हणजे मी आलेख कागदावर मोजली ती लागण बहुधा त्याआधीच्या दवाची होती, आणि अवकाळीने केलेली लागण अजून पानाच्या आतच होती.

फवारणी त्याने शनिवारीच उरकली होती, मी पानं तोडायला जायच्या आदल्या दिवशी. "मग मला फोन कशाला केलास?" विचारलं, तर म्हणाला, तुला सवडीने मोजायला आवडतं ना.