पार्श्वभूमी: तळ्यातला 'देशी' मासा आला कुठून?

मुंबईतल्या पवई तलावाच्या काठावर गळ टाकून बसलेल्या माणसाला काय लागलं म्हणून विचारा. रोहू, कटला, मृगळ नाहीतर सायप्रिनस, यांपैकीच एखादं नाव ऐकू येईल. या चारांतला एकही मासा तळ्याचा मूळ रहिवासी नाही.

विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा आणि पवई १८९१ चा. तिन्ही मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधले. पवईचं पाणी पिण्याजोगं निघालं नाही, म्हणूनच तो तलाव गळकऱ्यांच्या वाट्याला आला. तिथे गेली कित्येक दशकं रीतसर गळ पडतो.

खरा इतिहास बीजाचा, म्हणजे तळ्यात सोडायच्या माशांच्या पिल्लांचा आहे. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात वाढतात, पण अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी नदीचं चढतं, वाहतं पाणी लागतं. पूर्वी नद्यांतून बीज गोळा करायचे आणि बंगालमधून ते रेल्वेने देशभर जायचं. जुलै १९५७ मध्ये कटकच्या संशोधकांनी माशांच्या मेंदूखालच्या पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून या जातींची अंडी मिळवली आणि नदीवरचं अवलंबन सुटू लागलं. १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यामुळेच. आता पावसाळ्यात ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, येते. पिशवी तोंड न सोडता पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगू देतात, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार झालं की गाठ सोडतात. घाई केली तर बोटुकली तिथेच उलटी होते.

मग 'देशी' कोण? सरकारी कागदांत दोन रकाने असतात: 'भारतीय प्रमुख कार्प' आणि 'विदेशी कार्प' (कार्प म्हणजे रोहूच्या कुळातले गोड्या पाण्यातले मासे). रोहू, कटला, मृगळ पहिल्यात; सायप्रिनस, गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) दुसऱ्यात. सायप्रिनस हे शास्त्रीय नावातलं पहिलं पद, तेच आपल्या बाजारात माशाचं नाव होऊन बसलं. त्याची एक जात १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आली, दुसरी १९५७ मध्ये बँकॉकहून. म्हणजे कटकला यश आलं त्याच वर्षी. गवत्या आणि चंदेरा आले १९५९ मध्ये. १९७१ पासून या सहा जाती एकत्र वाढवण्याचा देशव्यापी प्रकल्प चालला आणि रकाने पक्के झाले.

पण देश म्हणजे पाणलोट नव्हे. गंगेच्या खोऱ्यातला रोहू पवई ज्यात येतो त्या मिठी नदीच्या पाणलोटात बँकॉकच्या सायप्रिनसइतकाच पाहुणा. इथले म्हणायचे तर मरळ, वांब, शिंगटी. त्यांची पिशवी कुणी आणत नाही. गंमत अशी की ज्याला देशी म्हणायचं त्याला दरवर्षी आणून सोडावं लागतं, आणि ज्याला विदेशी म्हणून नाक मुरडायचं तो साचलेल्या पाण्यातच पाणवनस्पतींना चिकट अंडी चिकटवून संसार थाटतो. तो तळाचा गाळ उकरतो, पाणी गढूळ करतो, हा आक्षेप खराच. तरी शहरी तळ्यांच्या दुर्दशेचं खापर त्याच्या डोक्यावर फोडणं मला पटत नाही. गाळ त्याने आणलेला नाही.

१९५२ मध्ये देशात आलेला तिलापिया, उजनीकडची चिलापी, हा वेगळा विषय. तो इतका वाढतो की कणकेची गोळी मोठ्या माशापर्यंत पोचतच नाही.

अलीकडची भांडणं मात्र पाण्यावरूनच आहेत: सांडपाणी, जलपर्णी, मूर्तिविसर्जन. मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगा तळ्यात पितृपक्षातल्या नैवेद्यानंतर मेलेले मासे वर आल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. अन्न कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो. कृत्रिम विसर्जन तलावांनी ठाण्या-मुंबईतल्या काही तळ्यांवरचा भार हलका केला. पण ढगाळ रात्रीनंतर पहाटे काठावर गेलात आणि मासे पाण्याच्या कडेला तोंडं वर काढून हवा गिळताना दिसले, तर गळ गुंडाळून ठेवावा. त्या वेळी रोहू काय नि सायप्रिनस काय, कुणीच आमिषाला तोंड लावत नाही.