सोलापूरकर आणि ठाण्याची पायरी

सोलापुरात एखाद्याचा मोबाइल चोरीला गेला, तर तो आधी ओळखीचा नगरसेवक शोधतो, मग फौजदार चावडी ठाण्याची वाट धरतो. ही सवय जुनी आहे. आणि ठाण्यातला ‘काय काम आहे?’ हा तिरका सूरही तितकाच जुना.

1857 नंतर इंग्रजांनी 1861 चा पोलीस कायदा आणला, मुंबई इलाख्याने 1890 मध्ये जिल्हा पोलिसांसाठी स्वतःचा केला. रोख एकच: शिपायाने वरच्याला जाब द्यायचा, समोरच्या रयतेला नाही. गंमत म्हणजे सरकारचाही या शिपायावर भरवसा नव्हता. 1872 च्या पुरावा कायद्याने पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात निरुपयोगी ठरवला. जुलै 2024 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या साक्ष कायद्याने घेतली, पण हा नियम तसाच राहिला.

सोलापुरात पोलीस आणि लोकांमधलं हे अंतर जास्त रुतलं. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गोळीबार झाला, पोलीस चौकी पेटली, काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमलच उरला नाही. मग 12 मेपासून मार्शल लॉ. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्म्यांची ही कथा इथल्या पोरांना तोंडपाठ असते. सेटलमेंटची, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीची, मात्र तितकी सांगितली जात नाही. काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणारा 1871 चा कायदा 1911 मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अख्खी कुटुंबं ठेवली गेली. बाहेर पडायला पास, रोज हजेरी. कायदा 1952 मध्ये गेला, पण 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांचा नवा कायदा आला आणि संशयाची नजर तशीच राहिली. सेटलमेंट भागातल्या म्हाताऱ्यांना ठाण्यात नीट बोला म्हणून शिकवणं म्हणजे अगोचरपणाच.

वरच्याला जाब देण्याची ती रीत आज मोबाइलच्या तक्रारीत दिसते. ‘चोरी नको, गहाळ लिहा,’ असं ठाणे अंमलदार सुचवतो. दाखल गुन्ह्यांचा आकडा फुगला की क्राईम मीटिंगमध्ये बोलणी त्याच्या साहेबांना खावी लागतात. माणूस वाईट असेलच असं नाही. बंदोबस्तातून थेट ड्युटीवर आलेलाही असतो. त्याच्यावर आवाज चढवून काही हाती लागत नाही. ‘साहेब, खिशातून काढून घेतला, अमुक वाजता, अमुक बसथांब्यावर,’ एवढं सरळ सांगितलं की त्यालाही ‘गहाळ’ लिहिणं अवघड जातं.

2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येतो असा, गुन्हा नोंदवणं बंधनकारक ठरवलं. जुलै 2024 पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत ‘हद्द आमची नाही’ हे कारणही चालत नाही. जोडभावी पेठेतली घटना विजापूर नाका ठाण्यातही सांगता येते.

खरी मेख भाषेत आहे. विडी वळणारी बाई तेलुगूत सांगते, अक्कलकोटकडचा शेतकरी कन्नडमध्ये, आणि हवालदार लिहितो सरकारी मराठीत. ‘सदर इसमाने’ वगैरे. फिर्याद वाचून दाखवणं कायद्यानेच त्याच्यावर टाकलंय, तेव्हा ‘एकदा वाचून दाखवता का?’ असं विचारण्यात त्याचा अपमान नाही. फिर्यादीवर सही करायची, प्रत फुकट मिळते. तपासात नोंदवलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर मात्र सही घेताच येत नाही. तक्रार घेतलीच नाही, तर ती लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठांकडे पाठवायची: शहरात आयुक्तालय, तालुक्यात ग्रामीण अधीक्षक. तिथेही दाद लागली नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज.